एफवायच्या वर्षी महाविद्यालयाच्या उपक्रमांत शिरकाव कसा करावा?

माळरान (२८ जुलै)

नमस्कार. धाराशिव जिल्ह्यातील एका लहान गावातून बारावी करून मी यंदा पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही, म्हणून पेठेत कॉट बेसिसवर राहते आणि मेसचा डबा लावला आहे. महाविद्यालय सुरू होऊन पाच आठवडे झाले. तासिका, प्रात्यक्षिके, जर्नल हे सर्व वेळेवर चालले आहे आणि त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र साडेतीनला शेवटचे प्रात्यक्षिक संपते, ज्या महाविद्यालयाविषयी मी ऐकत मोठी झाले ते त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू होते, आणि नेमक्या त्याच वेळी मी खोलीकडे चालू लागते.

नाट्यमंडळाच्या ऑडिशनची सूचना माझ्या नजरेस पडली तेव्हा ऑडिशन होऊन गेली होती. जिमखान्यात चौकशी केली, तर तेथे जमलेल्या मुली शाळेपासून एकत्र खेळणाऱ्या होत्या. विज्ञान मंडळाच्या ओळख-बैठकीला गेले. तेथे प्रत्येकाने आपल्या परिसरातील एका पावसाळी वनस्पतीचे नाव सांगायचे होते. मी 'तरोटा' असे सांगितले. दोन-तीन जण हसले आणि एकीने 'टाकळा म्हणतात त्याला' असे सुचवले. कुणी अपमान केला असे मी म्हणणार नाही, पण त्यानंतरच्या बैठकीला माझे पाऊल उचलले नाही.

वडिलांनी इथवर पाठवताना फार विचार केला आहे. केवळ गुणपत्रिका घेऊन परत जावे असे मला वाटत नाही. पहिल्याच वर्षी, फारसे पैसे खर्च न करता आणि अभ्यास सांभाळून, या जगात प्रवेश कसा मिळवावा? की पाच आठवडे गेले म्हणजे उशीर झाला असे समजावे?

विंगेतला (२८ जुलै)

मी तुझ्यापेक्षा बराच मोठा असल्यामुळे एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

उशीर झालेला नाही. ऑडिशन हुकली म्हणजे नाटक हुकले, हा समज पहिल्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक मुलाचा असतो. माझाही होता. मी ऑडिशन दिली होती आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडलो होतो. दुसऱ्या दिवशी सहज तालमीच्या खोलीत डोकावलो, तेव्हा दिग्दर्शकाने मी कोण हे न विचारता सांगितले, 'ती लेव्हल त्या टोकाने धर.' लेव्हल म्हणजे नेपथ्यातला लाकडी चौथरा. मी ती धरली. त्या दिवसापासून सप्टेंबरपर्यंत मी रोज तिथे होतो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुण्यात महाविद्यालयीन नाटकाचे वर्ष पुरुषोत्तम करंडकाभोवती फिरते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. ऐन पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी होते आणि 'आव्वाज कुणाचा'च्या आरोळ्यांनी ते नाट्यगृह दणाणून जाते. प्रेक्षकांना रंगमंचावरची मुले दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक संघामागे नेपथ्य उभे करणारे, प्रकाशाचे क्यू देणारे, ध्वनी सांभाळणारे, प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची, यादी हातात घेऊन विंगेत उभे राहणारे आणि तालमीसाठी खोली मिळावी म्हणून कार्यालयात रोज अर्ज देणारे असे पुष्कळ हात असतात. या हातांची ऑडिशन नसते आणि ते नेहमीच कमी पडतात.

माझ्याकडे प्रॉपर्टी होती आणि तिच्यात एक कंदील होता. वातीच्या जागी आम्ही बॅटरीवर चालणारा लहान दिवा बसवला होता. नाटकाच्या शेवटी पूर्ण काळोख होई आणि म्हातारीच्या हातातला तो कंदील तेवढा उजळत असे. दीड महिना त्या दिव्याची तार, बॅटरी आणि खटका एवढेच माझे विश्व होते. प्राथमिक फेरीच्या रात्री विंगेतून मी तो उजेड पाहिला, समोर हजारभर माणसे गप्प झालेली होती, आणि त्या क्षणी हे नाटक माझे झाले. ज्या मुलाला रंगमंचावर एकही वाक्य नव्हते, त्याला पुढच्या तीन वर्षांत संपूर्ण महाविद्यालय नावाने ओळखू लागले. त्याचे कारण इतकेच होते की मी रोज वेळेवर येतो हे सर्वांना ठाऊक झाले होते.

म्हणून तुला आग्रहाने सांगतो, स्वतःला निवडून घ्यायला जाऊ नकोस, काम मागायला जा. 'मला तुमच्या मंडळात यायचे आहे' या वाक्याला सीनियरांकडे उत्तर नसते, कारण त्यांनाही ठाऊक नसते की तुला कुठे ठेवावे. 'मी रोज चार ते सहा मोकळी आहे, काय करू?' या वाक्याला मात्र लगेच उत्तर मिळते. पुरुषोत्तम यंदा अंगावर आला आहे असे वाटले तर जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास फिरोदिया करंडक असतो. १९७४ पासून चालत आलेली ही स्पर्धा अनेक कलांची मिळून आहे. एकाच विषयाच्या सूत्रात नाट्य, नृत्य, गायन, वादन, चित्र, शिल्प, रांगोळी हे सर्व गुंफावे लागते. त्यामुळे ज्याला अभिनय येत नाही पण रांगोळीवर हात बसलेला आहे, अशांची तिथे खरी गरज असते. गावाकडून आलेल्या कितीतरी मुलामुलींना मी त्या तालमींत फुलताना पाहिले आहे.

भाषेविषयी एकच सांगतो. ज्या बोलीवर कुणी हसले, तीच बोली लेखक मंडळी मुद्दाम शोधत येतात. तिला घासून-पुसून टाकण्याची घाई करू नकोस.

कार्यक्रम अधिकारी (२९ जुलै)

मी एका वरिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि काही वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे. वरील प्रतिसाद मनापासून पटला. तरीही नाटक हा एकच दरवाजा नव्हे, म्हणून थोडी भर घालतो.

राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. प्रवेशासाठी ना ऑडिशन, ना पूर्वानुभव, ना शुल्काचा बोजा. स्वयंसेवकाने दोन वर्षे नाव नोंदवायचे, दरवर्षी १२० तास काम करायचे आणि एका सात दिवसांच्या विशेष शिबिरात सहभागी व्हायचे असते. हे शिबिर बहुधा दत्तक घेतलेल्या गावात होते. तिथे श्रमदान, सर्वेक्षण, प्रभातफेरी, व्याख्याने आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असतात. आपण खेड्यातून आला आहात, हे तिथे तुमचे बलस्थान ठरेल. शहरात वाढलेल्या मुलांना घरोघरी जाऊन माहिती विचारायची असते तेव्हा ती दारात अडखळतात. गावातील मुलगी ओसरीवर बसते, पाणी मागते आणि बोलणे सुरू करते. हे मी दर शिबिरात पाहतो.

आणखी एक गोष्ट बहुतेक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात जो अभ्यासक्रम आराखडा लागू झाला आहे, त्यात सहअभ्यासक्रम हा श्रेयांक (क्रेडिट) असलेला स्वतंत्र भाग आहे. रा.से.यो., एन.सी.सी., क्रीडा, योग, सांस्कृतिक उपक्रम यांचा त्यात समावेश होतो. म्हणजे पूर्वी जे अभ्यास सांभाळून करावे लागत असे, त्याचा काही भाग आता अभ्यासातच मोजला जातो. तुमच्या महाविद्यालयात यांपैकी कोणते पर्याय दिले आहेत आणि निवड बदलण्याची मुदत कोणती, हे विभागाच्या समन्वयकांना या आठवड्यातच विचारा. अनेक मुले शेजारच्याने काय भरले ते पाहून अर्ज भरतात आणि पुढे दोन सत्रे ओढत राहतात. मला त्याचे फार वाईट वाटते.

शेवटी पैशाविषयी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत 'कमवा व शिका' योजना चालते. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग अशा ठिकाणी काम असते आणि तासांच्या हिशेबाने मानधन मिळते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभारली आणि पुढे श्रमातून शिक्षणाची जी परंपरा रुजवली, तिचाच हा वारसा आहे. या योजनेकडे केवळ गरिबीचा उपाय म्हणून पाहू नये. ग्रंथालयाच्या काउंटरवर बसणाऱ्या विद्यार्थ्याला महिनाभरात महाविद्यालयातील इतकी माणसे ओळखू लागतात, तितकी कुठल्याच मंडळातल्या विद्यार्थ्याला ओळखत नाहीत.

पासधारक (२९ जुलै)

वरील दोन्ही सल्ले चांगले आहेत, परंतु ते संध्याकाळ हाताशी असणाऱ्यांसाठी आहेत हे नम्रपणे नोंदवतो. मी तीन वर्षे दौंडहून रोज रेल्वेने ये-जा केली. सकाळी अंधारात घर सोडायचे आणि परतीची गाडी चुकली तर घरी पोहोचायला रात्र व्हायची. तालीम, सराव, मंडळाच्या बैठका सर्व काही चारनंतर. माझ्यासारखे असंख्य विद्यार्थी एस.टी.च्या पासावर शिकतात आणि त्यांच्या वाट्याला महाविद्यालय म्हणजे फक्त वर्ग येतो. मुलींच्या बाबतीत तर अंधार पडण्याच्या आत घरी पोहोचणे हीच शिक्षण चालू राहण्याची अट असते. यात त्या विद्यार्थ्यांची उदासीनता नसते. उपक्रमांचे वेळापत्रक कुणाला समोर ठेवून आखले जाते, हा खरा प्रश्न आहे, आणि प्राध्यापक मंडळींनी त्याचा गांभीर्याने विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मला जे शक्य झाले ते असे. दुपारच्या सुट्टीत होणारी कामे मी शोधली. आमच्या विभागाचे भित्तिपत्रक निघत असे. त्याचा मजकूर रेल्वेत लिहिता येई आणि मांडणी मधल्या सुट्टीत करता येई. दुसऱ्या वर्षी 'आविष्कार' संशोधन स्पर्धेसाठी पोस्टर तयार केले. राज्यातील विद्यापीठांसाठी ही स्पर्धा २००६ पासून होते आणि तिच्यात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा गट असतो. विषय साधा होता, आमच्याच तालुक्यातील विहिरींच्या पाण्याचा. नमुने गोळा करायला मला कुठे जावे लागले नाही, मी राहतच तिथे होतो. धागाकर्त्या ताई पेठेत राहतात, म्हणजे त्यांच्याकडे संध्याकाळ आहे. ती त्यांनी जरूर वापरावी.

विंगेतला (२९ जुलै)

पासधारक, तुमचे म्हणणे मला लागले आणि ते खरे आहे. आमच्या संघात गाडी पकडून जाणारा एकही मुलगा नव्हता, हे आज तुमचा प्रतिसाद वाचताना प्रथमच ध्यानात आले.

लेकीची आई (३० जुलै)

माझी मुलगीही यंदा पहिल्या वर्षाला आहे, म्हणून हा धागा वाचते आहे. पालक म्हणून एक शंका विचारते. सीनियर मुलांच्या गटात वावरताना 'ओळख करून घेणे' या नावाखाली काही प्रकार होतात असे ऐकतो. मुलीला अडवायचेही नाही आणि काळजीही वाटते. अशा वेळी नेमके काय करावे?

जुनी कॅडेट (३० जुलै)

ताई, तुमची काळजी रास्त आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती असणे बंधनकारक आहे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक या दोघांकडून हमीपत्र घेतले जाते ते याचसाठी. १८००-१८०-५५२२ हा चोवीस तास चालणारा निःशुल्क क्रमांक मुलीच्या भ्रमणध्वनीत आजच जतन करून ठेवा. चांगल्या गटाची खूण माझ्या अनुभवाने सांगते. तिथे नव्या मुलीला काम दिले जाते आणि तिने 'आज मला जमणार नाही' असे म्हटले तर ते ऐकून घेतले जाते. जिथे नकार चालत नाही, तो गट पहिल्या दिवशीच सोडावा.

धागाकर्तीस एन.सी.सी.विषयीही सांगते, कारण त्याची भरती वर्षाच्या आरंभीच होते आणि पुन्हा संधी मिळणे कठीण असते. धावणे, लेखी परीक्षा आणि मुलाखत अशी निवड असते. वरिष्ठ विभागात मुलींसाठी स्वतंत्र विंग आहे. दोन वर्षांनी 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. 'सी' प्रमाणपत्र आवश्यक श्रेणीसह असेल, तर पदवीनंतर सैन्यातील अधिकारीपदासाठी विशेष प्रवेशाची वाट खुली होते, ज्यात लेखी परीक्षा न देता थेट निवड मंडळाच्या मुलाखतीला जाता येते. मी स्वतः सैन्यात गेले नाही, पण पहाटेच्या परेडने मला जे दिले ते अजून पुरते आहे. पहिल्या शिबिरात तंबूत माझ्या शेजारी झोपणाऱ्या मुलीचे जिल्ह्याचे नावही मी त्याआधी नीट ऐकले नव्हते. दहा दिवसांनी निघताना आम्ही दोघी रडलो. मात्र एक सांगते, परेडची हजेरी सांभाळणे अनिवार्य आहे. अर्धे मन असेल तर यात पडू नये.

माळरान (३१ जुलै)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार्यक्रम अधिकारी सर, आपण सांगितल्याप्रमाणे समन्वयकांना भेटले. सहअभ्यासक्रमासाठी मी दुसराच पर्याय भरला होता, तो बदलून रा.से.यो. घेतले. मुदतीचे दोनच दिवस उरले होते. एन.सी.सी.ची भरती आमच्याकडे होऊन गेली आहे. भित्तिपत्रकाचा विचार मला सर्वांत जवळचा वाटतो आहे. आमच्या वनस्पतीशास्त्र विभागाबाहेर काचेची एक चौकट आहे, तिच्यात मागच्या वर्षीचा पिवळा पडलेला कागद अजून लावलेला आहे.

विंगेतला (३१ जुलै)

चौकट रिकामी आहे असेच समज आणि किल्ली कुणाकडे असते ते विचार.

पासधारक (१ ऑगस्ट)

पहिला अंक लहान ठेवा. आम्ही पहिल्याच अंकात बारा लेख घेतले होते आणि तो दिवाळीनंतर लागला.

माळरान (२६ सप्टेंबर)

दोन महिन्यांनी लिहिते आहे. मधल्या काळात सत्राच्या अंतर्गत परीक्षा होत्या.

किल्ली प्रयोगशाळा साहाय्यक काकांकडे होती. त्यांनी ती विनाविलंब दिली आणि 'कुणीतरी मागायला येईल म्हणून वाट बघत होतो' असे म्हणाले. विभागप्रमुख मॅडमनी परवानगी दिली, एक अट मात्र घातली की प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव त्यांच्याकडून तपासून घ्यावे. विषय ठरवताना मला दुसरे काही सुचलेच नाही. 'पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या भाज्या' हा विषय घेतला आणि केना, कुर्डू, घोळ, पाथरी आणि टाकळा या पाचच वनस्पती निवडल्या. पासधारक यांचे ऐकले. महाविद्यालयाच्या आवारात आणि मागच्या टेकडीवर पाचही मिळाल्या. माझ्याबरोबर वर्गातली एक मुलगी आली होती. ती चित्रे काढते, पण तिने हे आजवर कुणाला सांगितले नव्हते, कारण तिलाही कुणी विचारले नव्हते.

प्रत्येक चित्राखाली शास्त्रीय नाव लिहिले आणि त्याखाली मुद्दाम मोकळी जागा सोडली. तिथे एवढेच लिहिले, 'आपल्या गावी हिला काय म्हणतात?' आणि दोऱ्याने एक पेन्सिल बांधली. अंक चौकटीत बंद न करता बाहेरच्या फलकावर लावला, म्हणजे लोकांना लिहिता यावे. टाकळ्याच्या चित्राखाली पहिले नाव मी लिहिले, तरोटा. दुसऱ्या दिवशी कोकणातल्या एका मुलाने टाकळा लिहून त्याच्या भाजीत ओले खोबरे घालतात अशी टीप दिली. विदर्भातून आलेल्या एका सीनियर मुलीने 'तरोटाच बरोबर' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या. त्या फलकापुढे दुपारच्या सुट्टीत मुले उभी राहून वाद घालतात आणि मी शेजारी उभी असले तर मलाच विचारतात. विज्ञान मंडळाच्या बैठकीत मला 'टाकळा म्हणतात त्याला' असे सुचवणारी ताईसुद्धा आली होती. तिने सांगितले की तिच्या आजीच्या बोलण्यातले आणखी एक नाव आहे, पण ते तिला आठवत नाही आणि ती घरी विचारून येणार आहे. खरोखरच दुसऱ्या दिवशी ती विचारून आली. आता ती आणि मी पुढच्या अंकाचे काम मिळून करतो.

२४ सप्टेंबरला रा.से.यो. दिनाच्या दिवशी टेकडीवर प्लॅस्टिक गोळा करण्याचे काम होते. मी रस्ता दाखवायला पुढे होते, कारण कुठल्या उतारावर काय उगवले आहे आणि कुठे पाय ठेवू नये हे आता मला ठाऊक झाले आहे. डिसेंबरच्या शिबिरासाठी नाव दिले आहे. विंगेतले दादा, फिरोदियासाठी रांगोळीचे माणूस हवे आहे अशी सूचना आमच्याकडे लागली आहे. या वेळी ती मला पहिल्याच दिवशी दिसली, कारण सूचनाफलक आमच्या भित्तिपत्रकाच्या शेजारीच आहे. अजून ठरवलेले नाही, आधी सत्र परीक्षा होऊ दे.

दुसऱ्या अंकासाठी आपणा सर्वांची मदत हवी आहे. या वेळी बांधावरची झाडेझुडपे घेतो आहोत. आपापल्या भागात हिवराला, बोरीला आणि तरवडाला काय म्हणतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी एखादे वेगळे नाव असेल तर तेही, इथे लिहावे. सोबत फक्त तालुका लिहा, म्हणजे आम्हाला नकाशावर मांडता येईल.

पासधारक (२६ सप्टेंबर)

आमच्याकडे, दौंड तालुक्यात, तरवडच म्हणतात. आईला विचारून उद्या बाकीची नावे लिहितो.